नेमणूक एकाची, स्थलांतर घराचं

युगांडा आणि शेजारच्या देशांतल्या रुग्णालयांसाठी भारतातून डॉक्टर व परिचारिका नेमणारी व्यवस्थापनं आणि त्यांच्या वतीने इथे भरती करणाऱ्या संस्था यांना,



भूलतज्ज्ञ हवेत, बालरोगतज्ज्ञ हवेत, आयसीयूचा अनुभव असलेल्या परिचारिका हव्यात, अशा आपल्या जाहिराती महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या आणि नर्सिंग कॉलेजांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत असतात. पगार डॉलरमध्ये, राहायची सोय, वर्षातून एकदा जाण्या-येण्याचं तिकीट, लवकर रुजू होणाऱ्यास प्राधान्य. एवढ्या चार ओळींवर सांगली-नाशिककडच्या घरांमध्ये रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं. त्या बोलण्यात नवरा-बायको असतात, सासू-सासरे असतात, तिसरीतली मुलगी दाराआडून ऐकत असते. जाहिरातीत मात्र एकच माणूस असतो. पुढे येणाऱ्या ऑफर लेटरमध्येही तो एकटाच असतो. करारात कुटुंबाचा उल्लेख असलाच, तर डिपेंडंट पास मिळवण्यासाठी साहाय्य केलं जाईल, एवढ्यावर तो संपतो.

हे पत्र त्या अपुऱ्या उल्लेखाबद्दल आहे. आपण नेमणूक एका व्यक्तीची करता, पण देश बदलतं ते अख्खं घर. त्या घराची जबाबदारी करारात स्पष्ट शब्दांत लिहावी, ही मागणी आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. तक्रार आफ्रिकेबद्दल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ च्या अहवालात मांडलेलं चित्र असं होतं की जगातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी २४ टक्के ओझं आफ्रिका विभागावर आहे, आणि जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के तिथे आहेत. तिथे माणसं लागतात, जी जातात ती उपयोगाचं काम करतात, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं समाधानाने तिथे राहतात. मुलं घरी मराठी बोलतात, शाळेत इंग्रजी आणि अंगणात लुगांडा. बाजारात चपाती मिळते, कारण भारतीयांनी नेलेली चपाती युगांडाने केव्हाच आपली करून टाकली आहे. कंपाला १,२०० मीटर उंचीवर असल्यामुळे हवा पुण्याच्या जुन्या दिवसांसारखी वाटते, असं तिथे राहिलेली माणसं सांगतात. प्रश्न आपल्या करारांचा आहे.

युगांडाचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. परदेशातून आलेल्या डॉक्टर कुटुंबाचं आयुष्य कसं असतं, त्याची नोंद त्या देशात साठ वर्षांहून अधिक काळाची आहे. उत्तरेला गुलू शहराजवळ लाचोर इथे कोंबोनी मिशनऱ्यांनी १९५९ मध्ये एक लहान रुग्णालय सुरू केलं. पिएरो कोर्ती हे इटालियन डॉक्टर १९६१ मध्ये तिथे गेले. त्यांच्या बोलावण्यावरून मॉन्ट्रियलच्या सर्जन ल्युसिल टीस्डेल आल्या, त्या केवळ दोनेक महिन्यांसाठी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांचं तिथल्याच चॅपलमध्ये लग्न झालं आणि पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये मुलगी जन्मली, डॉमिनिक. ल्युसिल मग तिथेच राहिल्या. पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून १३,००० च्या वर शस्त्रक्रिया झाल्या, असं सांगितलं जातं.

त्या काळात देशात काय काय घडलं, हे आपल्याला माहीत आहेच. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला आणि इस्पितळांतले डॉक्टरही त्या लाटेत गेले. १९७९ चं युद्ध झालं. नंतर उत्तर युगांडात जे यादवी युद्ध पेटलं, त्याच्या वर्षांमध्ये आसपासच्या गावांतली हजारो माणसं, त्यांत बहुतेक बाया आणि पोरं, रात्री जिवाच्या भीतीने लाचोरच्या आवारात येऊन झोपायची. कोर्ती दांपत्य हललं नाही. मुलीला मात्र सुरक्षिततेसाठी काही वर्षं आईवडिलांपासून दूर ठेवावं लागलं. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करताना ल्युसिल यांना एचआयव्हीची लागण झाली. निदान १९८५ मध्ये झालं. त्यानंतरही त्या काम करत राहिल्या आणि १ ऑगस्ट १९९६ रोजी गेल्या. पिएरो २००३ मध्ये गेले. दोघांनाही लाचोरच्या आवारातच पुरलं आहे. डॉमिनिक पुढे स्वतः डॉक्टर झाल्या आणि आईवडिलांच्या नावाच्या संस्थेचं काम त्या पाहतात.

ही कहाणी इतक्या तपशिलाने सांगायचं कारण असं की आपल्या मुलाखतींमध्ये, स्वागताच्या भाषणांमध्ये अशा माणसांचा दाखला वारंवार दिला जातो. दाखला खरा आहे आणि तो आदराने द्यायला हवा. पण कोर्ती दांपत्याने आयुष्य वाहायचं स्वतः ठरवलं होतं. दोन वर्षांच्या करारावर जाणारी बत्तीस वर्षांची परिचारिका नोकरीला जाते. तिच्याकडे त्यागाची अपेक्षा धरून करारातल्या उणिवा झाकणं योग्य नाही. आणि त्या कहाणीतही किंमत तिघांनी मोजली. त्यातल्या तिसरीला कुणी विचारलं नव्हतं.

आता मुद्द्यांकडे येऊ.

पहिला मुद्दा जोडीदाराचा. आपल्याकडे डॉक्टरांची लग्नं डॉक्टरांशी होतात, परिचारिकेचा नवरा पुष्कळदा लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट किंवा शिक्षक असतो. म्हणजे एकाची नेमणूक होते तेव्हा घरात आणखी एक शिकलेला, कमावता माणूस असतो, आणि तो विमानात बसतो त्या दिवशी त्याची कमाई थांबते. डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही. त्यासाठी वेगळा वर्क परमिट लागतो, आणि वैद्यकीय पेशातल्या माणसाला शिवाय तिथल्या मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. इथल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट, प्रमाणपत्रांची पडताळणी, फी, वाट पाहणं. हे सगळं एकाच वेळी दोघांसाठी सुरू केलं तर वेळ तेवढाच लागतो. सहा महिन्यांनी दुसऱ्यासाठी सुरू केलं तर घरातलं माणूस वर्षभर बसून राहतं. आपल्या एचआर विभागाला हे माहीत असतं. उमेदवाराला ते विमानतळावर उतरल्यानंतर कळतं.

परिचारिका मुख्य नोकरदार आणि नवरा तिच्यावर अवलंबून, अशी घरं तर दुप्पट अडचणीत असतात. बँकेचं खातं, घराचा करार, रुग्णालयाच्या कागदांवरचं नाव, सगळं तिचं. दिवसभर घरी राहून मुलांना शाळेतून आणणारा नवरा गावाकडच्या फोनवर काय करतोस या प्रश्नाला उत्तर शोधत असतो. त्या माणसाचा मान राखणं काही अवघड नाही. जोडीदाराला काम करता येईल का, कोणत्या अटींवर, किती महिन्यांत, हे सही होण्याआधी लेखी कळवावं. रुग्णालयातच जागा असेल तर तसं सांगावं, नसेल तर तेही सांगावं. नाही हे उत्तरही चालेल. उत्तरच नसणं चालणार नाही.

याला लागूनच आणखी एक विनंती. लवकर रुजू व्हा, हा आपला आग्रह कुटुंबाला महागात पडतो. पिवळ्या तापाची लस युगांडात प्रवेशासाठी लागते, महाराष्ट्रात ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, आणि तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती लस सहसा देत नाहीत. आठवड्याभरात या, असं सांगितल्यावर काय होतं? नोकरी लागलेला माणूस धावपळीने पुढे जातो आणि बायको-मुलं मागे राहतात. मग महिन्याभरात बोलावू म्हणता म्हणता सण निघून जातात. सुट्टीला भारतात येतानाही तेच. युगांडातून येणाऱ्या प्रवाशाकडे हे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. कुटुंबातल्या प्रत्येकाचं कार्ड तयार झालं की नाही, हे रुजू होण्याची तारीख ठरवताना विचारात घ्या. फक्त नोकरदाराचं कार्ड पाहून तारीख देऊ नका.

मुलांच्या शाळेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण घरं मोडतात ती बहुधा इथे.

युगांडाची शाळा फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते आणि वर्ष तीन सत्रांत चालतं. तिथल्या आंतरराष्ट्रीय शाळांचं वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. महाराष्ट्रातली शाळा जूनची. म्हणजे मूल कोणत्याही महिन्यात गेलं तरी कुठल्या ना कुठल्या वर्गाच्या मधोमध जाऊन पडतं. कंपालात भारतीय अभ्यासक्रमाची शाळा मिळते, पण राजधानी सोडून जिल्ह्याच्या गावी नेमणूक झाली की पर्याय झपाट्याने कमी होतात. आंतरराष्ट्रीय शाळांची फी डॉलरमध्ये असते. पगाराचा आकडा पाहून हुरळलेल्या घराला दोन मुलांच्या फीचं गणित नंतर कळतं. फीचा वाटा कोण उचलणार, किती उचलणार, हे करारात नसेल तर तो पगार खरा पगार नाही.

यापेक्षा मोठी गोष्ट दहावीची. डॉक्टरांच्या मुलांना डॉक्टर व्हायचं असतं, निदान आईवडिलांना तसं वाटत असतं. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत नीटमधून राज्याच्या कोट्यात, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागांवर प्रवेश हवा असेल, तर काही अपवाद वगळता डोमिसाइल लागतं आणि दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच व्हावी लागते. कंपालात दहावी केलेलं सांगलीचं मूल त्या रांगेतून बाहेर पडतं. त्याच्यासाठी अखिल भारतीय १५ टक्के जागा उरतात, नाहीतर खासगी महाविद्यालयांतल्या एनआरआय कोट्याची फी. हा नियम आपण केलेला नाही आणि त्यात बदल करणं आपल्या हातात नाही. पण त्याचा परिणाम आपल्या वॉर्डांवर होतो. मूल आठवी-नववीत आलं की आई त्याला घेऊन परत येते, वडील तिथे एकटे उरतात, वर्षभरात तेही राजीनामा देतात, आणि आपण पुन्हा जाहिरात काढता. मराठी उमेदवाराशी बोलताना मुलांची वयं विचारा. कराराची मुदत आणि दहावीचं वर्ष एकमेकांवर आदळणार असेल, तर ते पहिल्याच दिवशी समोरासमोर बसून बोला. नववीनंतर मूल भारतात ठेवावं लागणार असेल, तर वर्षाला एकऐवजी दोन तिकिटं द्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये युगांडा एअरलाइन्सने एंटेबे ते मुंबई थेट विमानसेवा सुरू केली, तेव्हा या कुटुंबांना आनंद का झाला असेल ते यावरून ध्यानात यावं.

शाळेबाबत आणखी एक आठवण द्यायची आहे. कोविडच्या काळात युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. मध्ये काही वर्ग काही काळ भरले, पण सगळ्या शाळा पूर्ण उघडल्या त्या १० जानेवारी २०२२ रोजी. इतकी लांब शाळाबंदी जगात दुसरीकडे झाली नाही. एंटेबेचा विमानतळ प्रवासी विमानांसाठी १ ऑक्टोबर २०२० पर्यंत बंद होता. या काळात जी डॉक्टर जोडपी दोघंही ड्यूटीवर होती, त्यांची मुलं घरी कोणाच्या भरवशावर होती? भारतात असते तर आजी आली असती, शेजारची काकू आली असती. तिथे कामाला येणाऱ्या बाईंवर आणि दारावरच्या आस्कारीवर, म्हणजे पहारेकऱ्यावर, घर सोपवून आईवडील कोविड वॉर्डात गेले. अशा वेळी दोघांना एकाच पाळीत लावू नये, एवढा नियमसुद्धा पुष्कळ ठिकाणी लिहिलेला नसतो. तो लिहा.

आता आरोग्य. आरोग्य कर्मचाऱ्यांच्याच घरच्या आरोग्याबद्दल आपल्याला पत्र लिहावं लागतं, ही खेदाची गोष्ट आहे.

युगांडात हिवताप बाराही महिने असतो. चार आठवड्यांच्या पर्यटकाला प्रतिबंधक गोळ्या द्या, हे सोपं आहे. चार वर्षं राहणाऱ्या घराने काय करायचं? डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना सहसा देत नाहीत. मेफ्लोक्विनने काहींची झोप उडते, मन अस्वस्थ होतं. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज, वर्षानुवर्षं घ्यायचं तर चौघांच्या घराला तो खर्च झेपत नाही. गरोदर बाईसाठी यातले पर्याय आणखी कमी होतात, आणि गरोदरपणातला हिवताप आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा. हे सगळं त्या घरातल्या डॉक्टरला माहीत असतं. म्हणूनच तापलेल्या पोराच्या उशाशी बसून तो किती घाबरतो, हे इतरांना कळत नाही. आपण दिलेल्या घराच्या खिडक्यांना जाळ्या आहेत का, औषध लावलेल्या मच्छरदाण्या प्रत्येक पलंगाला आहेत का, रात्री दोन वाजता मुलाचं रक्त तपासून मिळेल का, आणि त्याचं बिल कोण भरेल? विम्यात कर्मचारी आहे आणि कुटुंब नाही, असे करार आजही होतात. ते थांबवावेत.

सुईच्या जखमेचंही तसंच. ल्युसिल टीस्डेल यांना लागण झाली तेव्हा उपायच नव्हता. आता आहे. जखमेनंतर ७२ तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, औषधं सुरू करून २८ दिवस घेतली तर एचआयव्हीची लागण बहुतेक वेळा टळते. पण त्यासाठी रविवारी पहाटे तीन वाजता ती गोळी वॉर्डात हाताशी हवी, कुलूपबंद कपाटाची किल्ली असलेल्या माणसाची वाट पाहावी लागू नये. आणि ज्या परिचारिकेला सुई टोचली, तिचं बाळ अंगावर पीत असतं, घरी नवरा असतो. त्या अठ्ठावीस दिवसांत नवरा-बायको दोघांनाही समुपदेशन हवं. क्षयाच्या वॉर्डात काम करणाऱ्याच्या घरातल्या लहान मुलांची नियमित तपासणी हवी. या सोयी कुटुंबासाठी म्हणून वेगळ्या लिहा.

इबोला हा शब्द उच्चारला की भारतातून फोन सुरू होतात. २० सप्टेंबर २०२२ रोजी युगांडाने सुदान विषाणूच्या इबोलाची साथ जाहीर केली. ११ जानेवारी २०२३ ला ती संपली. १४२ निश्चित रुग्ण, त्यात ५५ मृत्यू. लागण झालेल्यांत १९ आरोग्य कर्मचारी होते, त्यातले सात दगावले. या प्रकारच्या विषाणूवर तेव्हा मान्यताप्राप्त लस नव्हती. मुलांनाही लागण झाल्यामुळे देशभरच्या शाळा ठरल्या वेळेच्या दोन आठवडे आधी बंद केल्या गेल्या. ३० जानेवारी २०२५ ला पुन्हा साथ जाहीर झाली, तेव्हा पहिला बळी कंपालाच्या मुलागो रुग्णालयातल्याच एका परिचारकाचा होता.

अशा साथीत वॉर्डात जाणारा माणूस रात्री घरी कसा जाणार? मुलाला जवळ घेणार का? त्याला वेगळी खोली कोण देणार? कुटुंबाला भारतात पाठवायचं असेल तर तिकीट कोणाचं? याची उत्तरं साथ आल्यावर शोधायची नसतात. लाचोरचंच एक नाव इथे घ्यायला हवं. मॅथ्यू लुकविया. हे युगांडाचेच, उत्तरेकडच्या अचोली भूमीतले डॉक्टर, लाचोरचे वैद्यकीय प्रमुख. २००० मध्ये गुलूत इबोला आला तेव्हा ते पुढच्या शिक्षणासाठी कंपालात, बायकामुलांसोबत होते. निरोप आला आणि ते परत गेले. त्या साथीत ४२५ लोकांना लागण झाली, २२४ मेले. ५ डिसेंबर २००० रोजी लुकविया गेले. त्यांची कबर ल्युसिल टीस्डेल यांच्या शेजारी आहे.

हे नाव घेण्यामागे आणखी एक हेतू आहे. या पत्रातल्या मागण्या फक्त भारतीय कुटुंबांसाठी वाचू नका. परदेशी डॉक्टरला विमान आणि त्याच्याच पाळीत काम करणाऱ्या युगांडन सिस्टरला काहीच नाही, अशी व्यवस्था कोणत्याही मराठी परिचारिकेला नको असते. ती त्याच सिस्टरच्या शेजारी उभी राहून रात्र काढते. सुईच्या जखमेवरची गोळी, साथीतली वेगळी खोली, मुलांची तपासणी या गोष्टी स्थानिक आणि परदेशी असा भेद न करता सगळ्यांना मिळाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी जी आचारसंहिता स्वीकारली, तिचाही सूर समान वागणुकीचाच आहे. ती ऐच्छिक आहे, म्हणून ती बाजूला ठेवण्याचं कारण नाही.

बाळंतपणाविषयी थोडक्यात. भारतात कायद्याने २६ आठवड्यांची रजा मिळते. युगांडाच्या २००६ च्या कायद्यात ती साठ कामाच्या दिवसांची आहे आणि वडिलांना चार दिवस. जिथे काम तिथला कायदा, हे कोणीही मान्य करील. पण सासर-माहेर दोन्ही समुद्रापलीकडे असलेल्या बाईला त्या साठ दिवसांनंतर रात्रपाळी लावताना आपण कायद्यापेक्षा जास्त देऊ शकता, त्याला कोणाची मनाई नाही. तिच्या आईला तीन महिने येऊन राहता यावं म्हणून व्हिसासाठी एक पत्र द्या. बाळाचा जन्म वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात नोंदवावा लागतो, नाहीतर नागरिकत्वाची कागदपत्रं दिल्लीपर्यंत जातात. गुलूसारख्या ठिकाणाहून कंपालाला जाऊन यायला लागणारी दोन दिवसांची रजा विनातक्रार मिळावी.

आणि म्हातारे आईवडील. मिरजेच्या दवाखान्यात वडील अत्यवस्थ आहेत, असा फोन आला की कंपालातला डॉक्टर त्याच क्षणी रुग्णाचा मुलगा होतो. तिथल्या कायद्याने वर्षाला २१ दिवसांची रजा आहे आणि ती आधीच दिवाळीसाठी लावून ठेवलेली असते. आणीबाणीची एक वेगळी रजा आणि एक वेगळं तिकीट, तीन वर्षांतून एकदा तरी, करारात असावं. त्यासाठी अर्ज करून तीन सह्या गोळा कराव्या लागू नयेत.

पासपोर्टबद्दल नरमाईने लिहिता येणार नाही. सुरक्षेसाठी म्हणून मूळ प्रमाणपत्रं आणि पासपोर्ट ठेवून घेण्याची प्रथा काही व्यवस्थापनांमध्ये आहे. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे. तो खासगी मालकाने कपाटात ठेवणं गैर आहे, आणि संकटकाळात ते जिवावर बेतणारं आहे. मार्च २०१६ मध्ये लिबियातल्या झावियात केरळची एक परिचारिका आणि तिचा दीड वर्षाचा मुलगा राहत्या घरावर झालेल्या हल्ल्यात मारले गेले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात लढाई पेटली, तेव्हा भारत सरकारने ऑपरेशन कावेरीतून सुमारे ३,८०० भारतीयांना बाहेर काढलं. युगांडा आज लिबिया नाही, सुदान नाही. तरीही पासपोर्ट प्रत्येकाच्या स्वतःच्या ताब्यात असला पाहिजे, बायकोचा आणि मुलांचाही.

आता भरती करणाऱ्या संस्थांना वेगळं. भारतीय परिचारिकांना १८ ठरावीक देशांत जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स लागतो, आणि २०१५ मध्ये सरकारने तिथल्या भरतीवर सरकारी संस्थांमार्फतच जाण्याचं बंधन आणलं. त्या यादीत आफ्रिकेतले तीनच देश आहेत: लिबिया, सुदान आणि दक्षिण सुदान. युगांडा, केनिया, टांझानिया, झांबिया यादीबाहेर. म्हणजे तिकडे जाणाऱ्या परिचारिकेचा करार सरकारी डोळ्यांखालून जात नाही. जी काही शहानिशा व्हायची ती आपल्या टेबलावर. म्हणून आपली जबाबदारी कमी होत नाही, वाढते. १९८३ च्या कायद्याप्रमाणे आपण परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणीकृत असायला हवं आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आपला नोंदणी क्रमांक जाहिरातीतच छापा. कुटुंबाचे प्रश्न तिकडे गेल्यावर बघू, हे उत्तर देणं बंद करा. केरळने नॉर्का आणि ओडेपेक यांसारख्या सरकारी यंत्रणा उभ्या करून परिचारिकांना निदान एक दार दिलं आहे. मराठी परिचारिकेसाठी बहुधा ते दार आपणच असता.

यातली एकही मागणी मोठ्या खर्चाची नाही. खिडकीच्या जाळ्या, दोन तिकिटं, विम्यात तीन नावं, वॉर्डात गोळ्यांचा एक डबा, आणि जोडीदाराच्या कामाबद्दल एक खरं उत्तर. अनुभवी भूलतज्ज्ञ वर्षभरात सोडून गेला, तर नव्या माणसाची नोंदणी आणि परमिट होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागतात, आणि त्याची झळ तिथल्या रुग्णांना बसते. हिशेब त्या बाजूनेही करून पाहावा.

पुढची जाहिरात काढाल तेव्हा तिच्यासोबत एक पान जोडा. जोडीदाराला काम करता येईल का, मुलांची फी कोण भरेल, विम्यात कोण कोण आहे, साथीत किंवा दंगलीत कुटुंबाला कोण आणि कसं बाहेर काढेल, पासपोर्ट कोणाकडे राहील, तातडीच्या रजेचं तिकीट किती वर्षांतून एकदा. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर आणि खाली अधिकाऱ्याची सही. आणि हे वाचणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांनाही विनंती आहे: ते पान हातात येईपर्यंत सही करू नका.



आपला नम्र,
या कुटुंबांचा एक हितचिंतक